विद्यार्थी दवाखान्याची पायरी का चढत नाहीत?

महाराष्ट्रातील अनेक शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ या नावाची एक खोली असते. कोठे ती स्वतंत्र असते, कोठे प्रसूति-विभागाला लागून असते, तर कोठे खोलीऐवजी आठवड्यातला एक वार तेवढा तिच्यासाठी राखून ठेवलेला असतो. वयात येणाऱ्या मुलामुलींनी तेथे यावे, घरी विचारता येत नाहीत अशा शरीराच्या व मनाच्या शंका विचाराव्यात, गरज पडल्यास तपासणी व उपचार करून घ्यावेत, अशी त्यामागची योजना आहे. ७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला आणि १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी अशा दवाखान्यांना त्यात महत्त्वाचे स्थान दिले. कल्पना चांगली आहे, सेवा विनामूल्य आहे. तरीही ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते विद्यार्थी या खोलीकडे सहसा फिरकत नाहीत.

असे का, हे विचारले की ठरीव उत्तर मिळते. मुलांना माहिती नसते, मुली लाजतात, पालक मागासलेले आहेत. मग त्यावर उपायही ठरीवच निघतो: आणखी भित्तिपत्रके, आणखी एक व्याख्यान, आणखी एक ‘सप्ताह’. हे निदान सोयीचे आहे, कारण त्यात सगळा दोष न येणाऱ्याच्या पदरी पडतो आणि ज्याच्याकडे यायचे त्याची झडती घेण्याची वेळ येत नाही. वस्तुतः दवाखान्यात न जाणारा विद्यार्थी अडाणी असतोच असे नाही. जाण्यापूर्वी तो मनाशी एक हिशेब मांडतो. वाटेत आपल्याला कोण पाहील, खिडकीशी काय विचारतील, लिहून घेतलेला कागद कोणाच्या हाती पडेल, आणि ही गोष्ट घरी किती दिवसांत पोहोचेल? हा हिशेब बहुधा बरोबर असतो. तेव्हा बदलायचे असेल तर विद्यार्थ्याचे मन नव्हे, त्या हिशेबातले आकडे बदलले पाहिजेत.

प्रश्न किरकोळ नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेले आढळले. १५ ते १९ या वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. साऱ्या देशाचे हेच प्रमाण ६.८ टक्के होते. म्हणजे स्वतःला पुरोगामी म्हणविणारे हे राज्य या एका बाबतीत देशाच्या सरासरीच्याही मागे राहिले. याच वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय होता. ज्या वयात वैद्यकीय सल्ल्याची गरज सर्वांत अधिक, त्याच वयात तो घेणारा सर्वांत कमी, अशी ही विचित्र स्थिती आहे.

विद्यार्थी दवाखान्यात शिरतो तेव्हा त्याला प्रथम डॉक्टर भेटत नाहीत. समुपदेशकही भेटत नाहीत. प्रथम भेटते ती केसपेपरची खिडकी. तेथे नाव, वय, गाव विचारले जाते आणि पाठोपाठ येतो तो प्रश्न: ‘काय होतंय?’ मागे वीसपंचवीस माणसांची रांग उभी असते. तालुक्याच्या गावी त्या रांगेत शेजारची काकू असते, वर्गमित्राचा बाप असतो, वडिलांच्या कचेरीतला शिपाई असतो. पाळी चुकली आहे, अंगावरून पांढरे जाते, लघवीच्या जागी जखम झाली आहे, यांपैकी कोणते वाक्य एकोणीस वर्षांच्या मुलीने वा मुलाने तेथे मोठ्याने उच्चारावे? मग ‘ताप येतोय’ असे सांगितले जाते, तापाच्या गोळ्या मिळतात आणि खरे दुखणे परत घरी येते. खिडकीतल्या कारकुनाचा यात दुष्ट हेतू नसतो. त्याला रांग संपवायची असते आणि फॉर्ममधला रकाना रिकामा ठेवायची मुभा नसते. पण डॉक्टरांना व समुपदेशकांना प्रशिक्षण देताना या खिडकीत बसणाऱ्या माणसाला, दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला, नळीत रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञाला सहसा कोणी बोलावीत नाही. विद्यार्थ्याचा निर्णय मात्र यांच्यापाशीच होतो. खेड्यात तर खिडकीचीही गरज नसते. तेथील आशा ताई ही त्याच गल्लीत राहणारी, बहुधा नात्यातलीच बाई. लहान बाळाच्या लशीसाठी ही ओळख उपयोगी पडते. अविवाहित मुलीच्या पायांत तीच ओळख बेडीसारखी अडकते.

दुसरा प्रश्न असतो ‘लग्न झालंय का?’ वैद्यकीय दृष्ट्या तो क्वचितच आवश्यक असतो, पण विचारला मात्र नेमाने जातो. याचे मूळ एखाद्या परिचारिकेच्या खवचटपणात शोधणे अन्यायाचे होईल. आपली सगळी कुटुंबनियोजनाची यंत्रणा ‘पात्र जोडपी’ या कल्पनेवर उभारलेली आहे. गावोगावच्या नोंदवहीत या जोडप्यांची यादी असते, त्यांना किती अपत्ये आहेत व ती कोणती साधने वापरतात याची नोंद असते. अविवाहित विद्यार्थिनी या वहीत कोठेच बसत नाही, म्हणून ती समोर आली की यंत्रणा गोंधळते आणि गोंधळ लपविण्यासाठी उपदेश करू लागते. कायद्याचीही भाषा अशीच होती. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्यामुळे राहिलेल्या गर्भाचा उल्लेख होता, तो ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरता. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित व अविवाहित असा भेद या कायद्याच्या अंमलबजावणीत करता येणार नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. दोन शब्द बदलायला संसदेला पन्नास वर्षे लागली. केसपेपरच्या खिडकीपर्यंत तो बदल पोहोचायला किती लागतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांची अडचण याहून बिकट आहे, आणि तिच्याविषयी फारसे स्पष्ट बोलले जात नाही. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सर्वजण पोक्सो म्हणतात, त्याने संमतीचे वय सोळावरून अठरा केले. त्याच्या १९व्या कलमान्वये असा गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर, डॉक्टर वा शिक्षक असला तरीही, पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हा कायदा कशासाठी आला हे विसरता येणार नाही. घरात, शाळेत, वसतिगृहात बालकांवर होणारे अत्याचार वर्षानुवर्षे दडपले जात होते आणि ‘आमच्या संस्थेचे नाव जाईल’ एवढ्या कारणासाठी जाणती माणसे गप्प बसत होती. त्या मौनाला शिक्षा असणे योग्यच. परंतु अत्याचार आणि दोन समवयस्क मुलांचे परस्परसंमतीचे नाते यांत हा कायदा फरक करीत नाही. सतरा वर्षांची अकरावी-बारावीतली मुलगी सल्ल्यासाठी आली, तर तिच्या मित्राविरुद्ध गुन्ह्याची नोंद होण्याची पाळी येते. अशा स्थितीत ‘येथे तुमची माहिती गुप्त ठेवली जाईल’ ही ‘मैत्री’च्या भिंतीवरची पाटी डॉक्टरांनाच खरी वाटत नाही. मग मुलीला ती कशी वाटावी? मुलगा परजातीचा असेल तर पोलीस ठाण्यातून निघालेली बातमी घरी कोणता अनर्थ करील, याची तिला पुरती कल्पना असते.

वर उल्लेखिलेल्या २०२२ च्या निकालाने यातून एक अरुंद वाट काढून दिली आहे. अल्पवयीन मुलगी व तिचे पालक यांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना माहिती देताना तिचे नाव व ओळख पटेल असा तपशील देण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. कळविण्याचे बंधन राहिले, नाव सांगण्याचे बंधन सैल झाले. मात्र पालकांची संमती अजूनही लागतेच, आणि ज्या मुलीला सर्वांत अधिक भीती पालकांचीच आहे, तिच्या हाती या सवलतीतून काही पडत नाही. संमतीचे वय खाली आणावे काय, या प्रश्नावर विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील अहवालात नकार दिला. सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या संमतीच्या नात्यांबाबत शिक्षा ठरविताना न्यायाधीशांना तारतम्य वापरता यावे, एवढीच सूचना केली. पण न्यायाधीशांचे तारतम्य खटला उभा राहिल्यानंतरचे. दवाखान्याच्या दाराशी घुटमळणाऱ्या मुलीला खटलाच नको असतो.

मग ही मुले जातात तरी कोठे? काही जात नाहीत, दुखणे अंगावर काढतात. पुष्कळ जण औषधाच्या दुकानात जातात. तातडीची गर्भनिरोधक गोळी २००५ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागली. तेथे नाव विचारीत नाहीत, लग्नाचे विचारीत नाहीत, केसपेपर काढावा लागत नाही. पैसे टाकावेत आणि कागदात गुंडाळलेले पाकीट घेऊन चालू लागावे. आपल्या गावचे दुकान टाळून पुढच्या गावी उतरण्याइतकी हुशारी प्रत्येकाला असते. या सोयीने अनेक मुलींना संकटातून वाचविले, हे मान्य केले पाहिजे. पण दुकानदार हा सल्लागार नव्हे. ही गोळी अडचणीच्या प्रसंगापुरती आहे, तिने कोणत्याही संसर्गापासून बचाव होत नाही, नेहमीच्या वापराची साधने निराळी आहेत, हे सांगायला त्याला वेळ नसतो आणि विचारायला गिऱ्हाईकाला धीर नसतो.

मुलग्यांची कथा आणखी निराळी. त्यांची चिंता बहुतेकदा कोणताही रोग नसतो. स्वप्नावस्था, हस्तमैथुन, ‘धातू जाणे’, अवयवाचा आकार, या नैसर्गिक गोष्टींचे भय शाळकरी वयातच कोणी तरी त्यांच्या मनात घालून दिलेले असते. सरकारी रुग्णालयाचा हा विभाग म्हणजे बायकाबाळांचा, अशी त्यांची समजूत असते आणि खोलीची जागा पाहता ती अगदीच चुकीची म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी मुंबईच्या लोकलच्या डब्यात, एसटी स्थानकाच्या मुतारीत, रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर जाहिराती चिकटविलेल्या असतात. या भोंदू वैद्यांकडे ज्ञान नाही, पदवी संशयास्पद आणि औषध महाग. तरीही गिऱ्हाईक तुटत नाही, कारण जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला शब्द ‘गुप्त’ हा असतो. विद्यार्थ्याला काय हवे आहे, हे त्यांनी आरोग्य खात्याच्या फार आधी ओळखले.

आणि हे ओळखणारा एक सच्चा माणूसही महाराष्ट्रात होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले ते याच वर्षी. गणिताचे प्राध्यापकपद त्यांना या कार्यापायी सोडावे लागले. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला गुदरण्याचे निमित्त काय होते, हे येथे महत्त्वाचे आहे. वाचकांनी पत्राने विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना मासिकातून दिलेली ती उत्तरे होती. ज्यांना तोंडाने विचारणे अशक्य होते त्यांना पोस्टाचे पाकीट परवडत होते. समोर कोणी नाही, चेहरा दिसत नाही, उत्तर देणारा हसत नाही आणि उपदेश करीत नाही. आज पोस्टाच्या पाकिटाची जागा हातातल्या फोनने घेतली आहे. फोन हसत नाही, हे खरे. पण तो कर्व्यांइतका खरे बोलेल याची हमी कोणी द्यावी?

शाळेने या बाबतीत काय केले, हे शिक्षकवर्ग जाणतोच. २००५ मध्ये केंद्राने शाळांतून किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला. २००७ मध्ये अनेक राज्यांनी त्यावर बंदी घातली, आणि कर्व्यांचा महाराष्ट्र त्या राज्यांत होता. राज्यसभेच्या याचिका समितीने २००९ मध्ये शाळांतून लैंगिक शिक्षण नको असाच अभिप्राय दिला. त्यानंतर विषय वेगवेगळ्या नावांनी परत येत राहिला, तरी वर्गातले वातावरण फारसे बदललेले नाही. विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा असतो. तो ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला जातो, किंवा मुलींना दुसऱ्या वर्गात पाठवून घाईने उरकला जातो. त्या तासाला शिक्षक जे शिकवीत नाहीत ते विद्यार्थ्याला कळते: या विषयावर प्रतिष्ठित माणसे बोलत नाहीत. पुढे तोच विद्यार्थी दवाखान्यापाशी येतो तेव्हा ही शिकवण बरोबर घेऊनच येतो. अर्थात सगळा दोष शिक्षकाचा नाही. पालकांची एक तक्रार आली की मुख्याध्यापक हात वर करतात आणि संस्थाचालक शिक्षकालाच खुलासा मागतात, हे दृश्य परिचयाचे आहे. पाठीशी कोणी उभे नसताना एकट्याने शूर व्हावे, अशी अपेक्षा शिक्षकाकडूनच का करावी?

लाज हा आपल्या समाजाचा स्वभावच आहे, त्याला इलाज नाही, असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. तेथील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. यापूर्वी अशी तपासणी कधी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. या आकड्यांची जगभर चर्चा झाली. पण त्यातील दुसरी गोष्ट तितकीच बोलकी आहे. ज्या स्त्रियांनी आजवर कोणापुढे तोंड उघडले नव्हते, त्या शेकड्यांनी तपासणीला आल्या. लाज तीच होती, गावे तीच होती. तपासणारी बाई डॉक्टर होती, ती त्यांच्या भाषेत बोलत होती आणि ऐकलेले चव्हाट्यावर जाणार नाही असा तिच्याविषयी विश्वास होता. पुढे याच संस्थेने तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरे चालविली. त्यांत मुले व मुली एकत्र बसतात आणि विषय तासाभरात न उरकता दिवसांच्या हिशेबाने बोलला जातो.

एक दिवसाच्या व्याख्यानाने काही साधत नाही, ही केवळ शंका नाही. किशोरवयीनांच्या प्रजनन आरोग्यासाठी जगभर चालणाऱ्या उपक्रमांचा एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतंत्र युवाकेंद्रे, समवयस्क मुलांकडूनच मुलांना शिक्षण, आणि एका दिवसाचे मोठे मेळावे, हे तिन्ही लोकप्रिय मार्ग अपेक्षित परिणाम घडवीत नाहीत, असे त्यात दाखविले होते. आपल्या कार्यक्रमात ‘साथिया’ नावाने गावागावांतून समवयस्क शिक्षक नेमण्यावर किती भर आहे, हे लक्षात घेता हा आढावा आरोग्य खात्याने अधिक गांभीर्याने वाचायला हवा होता. सेवा देणाऱ्यांचे प्रशिक्षण, दवाखान्याच्या व्यवस्थेतील बदल आणि गावात त्या सेवेला मान्यता, ही कामे एकाच वेळी केली तर मुले येतात. ही कामे कंटाळवाणी आहेत आणि त्यांचे उद्घाटन करता येत नाही, हीच त्यांची मोठी उणीव असावी.

गुप्तता राखणे शासनाला जमत नाही, असेही नाही. एचआयव्हीच्या बाबतीत ते जमून दाखविले आहे. सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व चाचणी केंद्रांत बंद खोलीत बोलणे होते, संमती घेऊनच चाचणी होते आणि अहवाल ज्याचा त्याच्या हाती दिला जातो. २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, ही गुप्तता कायदेशीर बंधनच ठरविली. ज्या रोगाविषयी समाजात पराकोटीची घृणा होती, त्याच्या रुग्णांना जी मर्यादा देता आली, ती पाळीच्या तक्रारीसाठी आलेल्या विद्यार्थिनीला का देता येऊ नये? यासाठी नवी इमारत नको. तक्रारीचा रकाना खिडकीवर न भरता आत भरावा, एवढा एक बदल एखाद्या परिपत्रकाने होऊ शकतो. वेळेचाही असाच प्रश्न आहे. सरकारी बाह्यरुग्ण विभागाची मुख्य वेळ सकाळची, महाविद्यालयाच्या तासांचीही तीच. तास बुडविला तर हजेरी जाते आणि घरी कळते. त्यातून एसटीची पुढची गाडी दोन तासांनी असेल, तर मुलीने उशिराचे कारण काय सांगावे?

वयाची रेघ हा आणखी एक घोळ. किशोर स्वास्थ्य कार्यक्रम एकोणिसाव्या वर्षी संपतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा असतो. पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तर पंचविशीत पोहोचलेला. तो किशोर नाही म्हणून ‘मैत्री’चा नाही, विवाहित नाही म्हणून पात्र जोडप्यांच्या वहीतला नाही. गावापासून दूर, एकटा, आणि त्याच्यावर घरच्यांची नजर नाही असा हा वर्ग राज्यात लाखोंनी आहे, आणि कोणत्याही योजनेच्या कागदावर त्याला स्वतःचे नाव नाही. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या शुल्कात वैद्यकीय तपासणीची बाब बहुधा असते. त्या तपासणीत उंची, वजन आणि दृष्टी पाहतात.

जेथे ‘मैत्री’ची खोली खरोखर चालते तेथे चौकशी केली तर बहुधा एकाच व्यक्तीचे नाव ऐकू येते. एखादी समुपदेशक बाई असते, ती शाळा-महाविद्यालयांत स्वतः जाते, मुले तिला ओळखतात, एक मुलगी दुसरीला सांगते, ‘तिथल्या मॅडम चांगल्या आहेत, कोणाला सांगत नाहीत.’ हे वाक्य मुलींच्या तोंडी यायला दोनतीन वर्षे जातात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली ही पदे कंत्राटी आहेत. मुदतवाढीचा आदेश वेळेवर निघत नाही, मानधन थकते, बरी नोकरी मिळाली की बाई निघून जाते. तिच्या जागी नवी येईपर्यंत खोलीला कुलूप असते, आणि नवी आल्यावर मुलींना पुन्हा पहिल्यापासून पारख करावी लागते.